मिरज ते नागोर

गेल्या अंकात आम्ही कबूल केले होते की, मे महिन्यातल्या सफरीची हकीगत या सदरात सांगू. दोन भगिनींनी 'खर्च किती आला तेही लिहा' असे कळवले आहे. तो हिशेब पुढे कधीतरी. आधी, एवढ्या उन्हात म्हाताऱ्या अम्मींना घेऊन दक्षिणेत का गेलो, ते सांगितले पाहिजे.

कारण आमचा धाकटा. आठवीत आहे. तिसरीपासून वक्तृत्व स्पर्धेत भाग घेतो. भाषण स्वतः लिहितो, आरशासमोर पाठ करतो, आणि घरात सगळ्यांना ते दहा-दहा वेळा ऐकावे लागते. जानेवारीत त्याला पहिले बक्षीस मिळाले. बक्षीस देताना प्रमुख पाहुणे माईकवरून म्हणाले, "बघा, मुस्लिम मुलगा असूनसुद्धा किती शुद्ध मराठी बोलतो!" सभागृहाने टाळ्या वाजवल्या. आम्हीही वाजवल्या. पाहुण्यांच्या मनात काही वाईट नव्हते, हे आम्हाला तेव्हाही ठाऊक होते आणि आजही आहे. पण पोराने घरी येऊन ढाल कपाटात कपड्यांमागे ठेवली आणि सांगितले, "आता मी स्पर्धेला जाणार नाही."

आम्ही त्याला समजावले. श्रीगोंद्याचे शेख महंमद सांगितले, शाहीर अमर शेख सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि विचारले, "मग त्यांनाही 'असूनसुद्धा' म्हणत असतील ना?" यावर काय बोलणार? फेब्रुवारी-मार्चच्या दोन्ही स्पर्धा त्याने सोडल्या.

थोरली इतिहास घेऊन बी. ए. करते. सफरीचा नकाशा तिने आखला. अम्मींची फक्त एक अट होती, नागोरला जायचे. बाकी कुठे फिरवायचे ते फिरवा.

मिरजेहून रेल्वेने म्हैसूर. तिथला राजवाडा, वृंदावन बाग सगळे पाहतात, आम्हीही पाहिले. श्रीरंगपट्टणमला मात्र अर्धा दिवस कमी पडला. गुंबजमध्ये हैदर अली, त्यांची बेगम आणि टिपू सुलतान शेजारी शेजारी दफन आहेत. आतल्या भिंतींवर वाघाच्या अंगावर असतात तसे पट्टे रंगवलेले आहेत. फातिहा पढून बाहेर आलो तेव्हा थोरलीने सांगितले की, शृंगेरीच्या मठात १९१६ साली टिपूची पत्रे सापडली. १७९१ च्या स्वारीत मराठ्यांच्या फौजेने मठ लुटला, त्यानंतर टिपूने मठाला मदत पाठवली होती, आणि ती पत्रे कन्नडमध्ये आहेत. ती फौज कोणाची होती, तर आपल्याच तासगाव-मिरजेकडच्या पटवर्धनांची. अम्मी म्हणाल्या, "आपल्या गावाचं नाव इथं जरा हळू घे."

म्हैसूरहून कोळिकोडला जाताना आमची फजिती झाली, ती वाचकांनी लक्षात ठेवावी. वाटेत बंदीपूरचे जंगल लागते. जनावरांसाठी तिथला रस्ता रात्री नऊ ते सकाळी सहा बंद असतो. आमच्या गाडीवाल्याने जेवणात वेळ घालवला, आम्हीही घालवला, आणि पोहोचलो तेव्हा नाके बंद. मागे फिरून गुंडलुपेटला रात्र काढावी लागली. खोली एक, माणसे पाच, पंखा अर्धा. सकाळी जंगलात हरणे दिसली तेव्हा सगळ्यांचा राग गेला. पुढे सुलतान बत्तेरी नावाचे गाव लागते. टिपूच्या तोफखान्याच्या 'बॅटरी'वरून ते नाव पडले. त्यानंतर ताम्रश्शेरीचा घाट. नऊ वळणे आहेत आणि प्रत्येक वळणावर आम्ही लिंबू चोखत होतो.

कोळिकोडला तीन दिवस राहिलो. आणखी तीन राहिलो असतो.

शहरात कुट्टिचिरा नावाचा मोहल्ला आहे. मधोमध मोठे तळे, चारी बाजूंनी पायऱ्या, आणि कडेला मिष्काल मशीद. मशीद म्हणताच आपल्या डोळ्यांसमोर घुमट आणि मिनार येतात. इथे दोन्ही नाहीत. लाकडी मजल्यांवर मजले, वर कौलांची उतरती छपरे, खाली नक्षीचे दरवाजे. नाखुदा मिष्काल नावाच्या जहाजवाल्या व्यापाऱ्याने ती चौदाव्या शतकात बांधली. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी शहरावर हल्ला केला तेव्हा ही मशीदही जाळली. कोळिकोडचा राजा, म्हणजे सामुद्री, हिंदू आणि त्याच्या आरमाराचे सरदार कुंजाली मरक्कार मुसलमान. १५७१ मध्ये सामुद्रीच्या फौजेने पोर्तुगीजांचा चालियमचा किल्ला घेऊन पाडला. त्याचे सामान या मशिदीच्या दुरुस्तीला वापरले असे सांगतात. त्याच सुमाराला विजापूरचा अली आदिलशहा गोव्याला वेढा घालून बसला होता. मलबारच्या शेख जैनुद्दीन मखदूम यांनी पोर्तुगीजांच्या जुलमाचा इतिहास अरबीत लिहिला, 'तुहफतुल मुजाहिदीन', तो याच अली आदिलशहाला अर्पण केला आहे. मिरज तेव्हा विजापूरच्याच अमलात. म्हणजे हा मोहल्ला आम्हाला वाटला तितका परका नव्हता.

असरची अजान आम्हाला फार लवकर झाल्यासारखी वाटली. आम्ही हनफी, तिथले सगळे शाफई. पण आमच्यातल्या एकीचे माहेर रत्नागिरीकडचे. त्यामुळे "आमच्याकडं अशीच लवकर होते" हे वाक्य त्या तीन दिवसांत बरेचदा ऐकावे लागले. घरगुती खानावळीत ताटात पत्तिरी आली. तांदळाच्या पिठाची, पातळ, पांढरी. अम्मी बघत राहिल्या आणि सुनेला म्हणाल्या, "अगे, ये तो तेरे मायके की भाकरी हय!" कोकणच्या भाकरीपेक्षा ती पातळ असते आणि वरून नारळाचे दूध लावतात, पण भावकीतलीच. बिर्याणीचा तांदूळ आखूड आणि बारीक, वासाचा. जेवणानंतर सुलेमानी, म्हणजे लिंबू पिळलेला कोरा चहा. तो आता आमच्या घरी रोज होतो.

खानावळ चालवणाऱ्या बाईंना थोडे हिंदी येत होते. त्यांनी अम्मींना घरात नेले. घर कसले, वाडाच. तरवाड म्हणतात. कुट्टिचिराच्या जुन्या कोया घराण्यांत लग्नानंतर मुलगी सासरी जात नाही. नवरा तिच्याकडे येतो. त्याच्यासाठी वेगळी सजवलेली खोली असते, आणि लग्नाला चाळीस वर्षे झाली तरी तो त्या घरचा नवा नवराच. अम्मींनी तीनदा विचारून खात्री करून घेतली.

"म्हणजे सून येतच नाही?"

"नाही."

"मग सासूनं करायचं काय?"

बाई हसल्या. म्हणाल्या, "सासू स्वतः आपल्या आईच्या घरी असते. तिला मुली असतात."

अम्मी तळ्याच्या पायरीवर बराच वेळ गप्प बसल्या होत्या. मग म्हणाल्या, "मी सोळाव्या वर्षी आले मिरजेला. आईचं घर पुन्हा कधी माझं म्हणून राहिलं नाही." इतक्या वर्षांत हे आम्ही त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले. थोरली त्यांच्या शेजारी जाऊन बसली. तिच्यासाठी आलेल्या स्थळाबद्दल अम्मी रोज विषय काढत होत्या. तो त्या दिवसापासून सफर संपेपर्यंत निघाला नाही.

तेवढ्या वेळात धाकट्याने मोहल्ल्यातल्या पोरांबरोबर फुटबॉल सुरू केला होता. भाषा कोणाची कोणाला कळत नव्हती, आणि खेळताना लागतही नाही. दमल्यावर एकाने तोडक्या हिंदीत विचारले, घरी काय बोलता? आमचे पोर अडखळले. कारण खरे उत्तर लांबलचक आहे. घरात दख्खनी, दारात मराठी, अम्मी रागावल्या की दोन्ही. शेवटी तो म्हणाला, "मराठी." त्या मुलाने मान हलवली आणि चेंडू मागितला. बस्स.

हे त्याने आम्हाला रात्री सांगितले. "त्याला काहीच नवल वाटलं नाही," म्हणाला. नवल कसे वाटणार? मशिदीतली नोटीस मलयाळममध्ये, मय्यतीची खबर मलयाळममध्ये, घरातली भांडणेसुद्धा मलयाळममध्ये. तिथल्या काझी मुहम्मदांनी १६०७ मध्ये 'मुहियुद्दीन माला' लिहिली ती मलयाळमच, फक्त लिपी अरबी वळणाची. जवळच बेपूरला वैकम मुहम्मद बशीर राहत. १९९४ मध्ये ते वारले. मलयाळम साहित्याचे नाव घ्यायचे तर त्यांना वगळून घेता येत नाही. "मुसलमान असूनसुद्धा" असे बशीरांबद्दल तिथे कोणी म्हणत असेल का, हे धाकट्याने विचारले. आम्हाला हसू आले.

तरी एवढ्याने गाठ सुटली असे म्हणणार नाही. केरळचे वेगळे, तिथे घरातली आणि दारातली भाषा एकच. आमचे तसे नाही, आणि पोराला ते बरोबर कळते.

कोळिकोडहून रेल्वेने तिरुचिरापल्ली आणि तिथून बसने तंजावर. उकाडा असा की अम्मींनी दिवसातून दोनदा सफर आवरण्याची भाषा केली.

बृहदीश्वराचे देऊळ राजराज चोळाने बांधले, १०१० च्या सुमारास पुरे झाले. शिखर पाहताना मान दुखते. पण आम्ही मागच्या ओवरीत भिंतीसमोर जास्त वेळ उभे होतो. तिथे दगडावर मराठी कोरलेली आहे, देवनागरीत, हारीने, भिंतभर. सरफोजी राजे दुसरे यांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास इथे कोरून घेतला. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी विजापूरच्या आदिलशाहीतर्फे इकडे आले आणि त्यांनी तंजावरचे राज्य घेतले, त्यांचे हे वंशज. तमिळ मुलखात, आजूबाजूला एक पाटी वाचता येत नाही आणि अचानक भिंत मराठी बोलू लागते. धाकटा बोट न टेकवता ओळीवरून बोट फिरवत एकेक शब्द लावत होता. जुनी मराठी, शब्द तोडलेले नाहीत. मध्येच अडला की बहिणीला हाक मारी.

दुसऱ्या दिवशी सरस्वती महाल ग्रंथालयाचे संग्रहालय पाहिले. ताडपत्रे, जुनी चित्रे. मोडीतले ढीगभर दप्तरही या ग्रंथालयात आहे. तिथे एक वृद्ध गृहस्थ नातवाला घेऊन आले होते. आमचे बोलणे ऐकून थांबले आणि मराठीत बोलू लागले. ऐकायला विचित्र, गोड मराठी होती. चाल तमिळ, शब्द बखरीतले. त्यांचे पूर्वज राजांबरोबर आलेले, घरात अजून मराठी, बाहेर तमिळ. आम्ही मिरजेचे म्हटल्यावर त्यांना आनंद झाला. अम्मींच्या बुरख्याकडे त्यांनी पाहिले, पण मराठीचे नवल केले नाही. उलट तेच जरा ओशाळून म्हणाले की, पुण्याला नातेवाइकांकडे गेलो की लोक हसतात, तुमची मराठी अशी कशी विचारतात. पोटभर बोलायचे असते, पण गप्प बसतो.

धाकटा एकदम म्हणाला, "आजोबा, बोला ना. मला कळतंय."

ते त्याच्याशी अर्धा तास बोलले. त्यांच्या नातवाला कंटाळा आला, आमच्याला नाही.

शेवटी नागोर. नागपट्टणमजवळ, समुद्राला लागून. शाहुल हमीद यांचा दर्गा. नवस बोलावा की बोलू नये यावर आमच्या घरात एकमत नाही, वाचकांतही नसेल. तो विषय इथे नको. अम्मींनी काय मागितले ते त्यांनी सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. मीरासाहेबांच्या उरुसात वाढलेल्या त्या. गर्दी, फुले, उदाचा वास, कशानेही त्या बिचकल्या नाहीत. भोवती कपाळावर विभूती लावलेली कुटुंबेही तितकीच होती.

दर्ग्याला पाच मिनार आहेत. त्यातला सगळ्यात उंच, एकशे एकतीस फुटांचा, तंजावरच्या प्रतापसिंह राजांनी अठराव्या शतकात बांधून दिला. प्रतापसिंह म्हणजे त्या भिंतीवरच्याच भोसले घराण्यातले. थोरलीने हे सांगितल्यावर धाकट्याने मिनाराला एक फेरी मारली. मराठीत कुठे काही लिहिलेले सापडते का पाहत होता. सापडले नाही. पायाशी शहाळी विकणाऱ्या माणसाला त्याने हातवारे करून विचारले, हा कोणी बांधला? त्या माणसाने तमिळमध्ये बरेच काही सांगितले. त्यातला 'राजा' एवढा एक शब्द आम्हाला कळला.

परतीच्या गाडीत अम्मी झोपल्यावर धाकट्याने वही काढली. बराच वेळ लिहिले, खोडले, पुन्हा लिहिले. मग मान वर करून विचारले, "तंजावर की तंजावूर?"

दोन्ही चालते म्हणालो.

"मग मी तंजावूर लिहितो. ते आजोबा तसं म्हणत होते."

कशासाठी लिहितो आहेस, ते आम्ही विचारले नाही.