आमची भागूबाई

माणूस गेले म्हणजे काय करावयाचे, हे आपल्याकडे न सांगता सर्वांना ठाऊक असते. दहावा असतो, तेरावा असतो, शेजारून पिठलेभात येतो, आणि भेटायला आलेल्यांना तोच प्रसंग पुनःपुन्हा सांगून दुःखाची धार थोडी बोथट होते. मांजर गेले म्हणजे यांपैकी काहीच नाही. दाढी करून नेहमीच्या गाडीने कामावर जायचे. कोणी विचारलेच, "आज चेहरा का असा?" तर सांगायचीही चोरी! ऐकणारा हमखास म्हणणार, "मांजरच ना? दुसरे आणा!"

आमची भागूबाई २०२५ च्या श्रावणात, नारळी पौर्णिमेच्या तीन दिवस आधी गेली. २०१६ च्या पावसात ती जिन्याखाली भिजत बसलेली सापडली होती. कुकरच्या शिटीला भिई, छत्रीला भिई, स्वतःच्या शेपटीलाही भिई. म्हणून आईने नाव ठेवले भागूबाई. नावाची लाज तिने वर्षभरसुद्धा राखली नाही. पुढे गल्लीतले बोके तिच्यासमोरून अंग चोरून जात, आणि घरातली माझी आरामखुर्ची तिच्या मालकीची झाली. कोळीणबाई जिन्याची पहिली पायरी चढली न चढली तोच ही दारात हजर! बाईही आधी हिच्यापुढे दोन मांदेली टाकी आणि मग आमच्याशी भावाची घासाघीस सुरू करी.

त्या दिवशी ती सकाळी दूध प्याली, खिडकीत बसून कावळ्यांवर दात कटकटवले, खाली उडी मारली आणि आडवी झाली. दोन मिनिटांत सगळे संपले. पशुवैद्य म्हणाले, बहुधा हृदय. मांजरांच्या हृदयाचा स्नायू कधी कधी जाड होत जातो आणि आतली जागा अरुंद होते. वरून धडधाकट दिसणाऱ्या मांजरांतही शंभरांत पंधराएक अशी निघतात म्हणे. ना खोकला, ना धाप. पुष्कळदा पहिले लक्षण हेच शेवटचे. त्यातून दुखणे लपवण्यात ही जात पटाईत! २००५ साली 'मेन कून' नावाच्या जातीत या रोगाचा आनुवंशिक दोष सापडला. आता आमच्या जिन्याखालच्या बाईंची जात कोण सांगणार?

प्राचीन मिसरात घरातले मांजर आपल्या मरणाने मेले की घरची माणसे भुवया भादरीत, असे हिरोडोटसने लिहून ठेवले आहे. मला ही चाल फार पटली. भुवया पुन्हा उगवेपर्यंत तरी कोणी 'दुसरे आणा' म्हणत नसेल! आपल्याकडे मांजर मारल्यास काशीला सोन्याचे मांजर वाहावे, असे जुनी माणसे सांगत. मारणाऱ्याची सोय झाली. रडणाऱ्याने काय करावे, हे मात्र कोणीच सांगितले नाही.

आई रडली नाही. तिने बशी धुऊन फळीवर ठेवली आणि त्या विषयावर बोलणेच टाकले. मी दोनदा विषय काढून पाहिला, "भाजी काय करू?" एवढेच उत्तर आले.

पौर्णिमेनंतरच्या आठवड्यात कोळीणबाई आली. नेहमीप्रमाणे दोन मांदेली उंबऱ्यापाशी ठेवून तिने हाक मारली, "बाय कुठं गेली, आजी?" आईने सांगितले. बाईने टोपली खाली उतरवली, पायरीवर फतकल मारली आणि एकेक विचारू लागली. किती वाजता? खाल्लं होतं का काही? कुणाजवळ होती? कुठं पुरलीत? आई सांगत गेली, खिडकीपासून परसातल्या पारिजातकापर्यंत सगळे, आणि सांगता सांगता तिचा पदर डोळ्यांना गेला.

जाताना कोळीणबाईने ती मांदेली खालच्या मांजरांपुढे टाकली. श्रावणात आमच्याकडे मासळी बंद असते, हे तिला वीस वर्षे ठाऊक आहे. दोन जिने ती चढून आली होती ते केवळ भागूबाईसाठी.