आजोबांच्या नावावरचं घर आणि किरायाने राहणारा नातू

28 फेब्रुवारी 2024 रोजी यवतमाळच्या सभेत पंतप्रधानांच्या हस्ते ‘मोदी आवास घरकुल योजने’ची सुरुवात झाली. इतर मागासवर्गीयांसाठी तीन वर्षांत 10 लाख घरं बांधायचं उद्दिष्ट जाहीर झालं आणि अडीच लाख लाभार्थ्यांच्या खात्यात 375 कोटी रुपये, म्हणजे प्रत्येकी सरासरी 15 हजार जमा झाल्याचं सांगण्यात आलं. मुसलमानांमधल्या मोमीन, पिंजारी, अत्तार अशा बिरादऱ्या ओबीसी यादीत आहेत, त्यामुळे ही बातमी आपल्या मोहल्ल्यांतही आवडीने वाचली गेली. आपल्याच जिल्ह्यातून सुरू झालेली योजना आपल्या पोरांच्या किती कामाची, हा प्रश्न तेव्हाही विचारायला हवा होता.

योजनेच्या अटी साध्या आहेत. मदत 1 लाख 20 हजार रुपये. घर किमान 269 चौरस फुटांचं. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 1 लाख 20 हजारांच्या आत. आणि जागा स्वतःच्या मालकीची किंवा सरकारने दिलेली. शहरात प्रधानमंत्री आवास योजनेतून स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला अडीच लाख मिळतात, उत्पन्नाची मर्यादाही तिथे 3 लाख आहे. जागेची अट मात्र तीच. ज्याला जागाच नाही त्या ग्रामीण लाभार्थ्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची योजना आहे. तिच्यात 500 चौरस फुटांपर्यंत जागा घ्यायला आधी 50 हजार मिळत, आता 1 लाख मिळतात. पण यवतमाळ, पुसद, वणीच्या आसपास नवीन लेआउटमध्ये प्लॉटचा भाव विचारून आलेल्या माणसाला 1 लाखात काय येतं हे सांगायची गरज नाही.

जिल्ह्यातला पंचवीस-तीस वर्षांचा मुस्लिम तरुण साधारण काय करतो? गॅरेज, वेल्डिंग, फर्निचर, फळांचा गाडा, मोबाईलचं दुकान. शिकलेला असेल तर विनाअनुदानित शाळेत तुटपुंज्या पगारावर मास्तरकी. महिन्याला 10 हजारांच्या वर कमावलं की तो घरकुलाच्या उत्पन्नमर्यादेबाहेर जातो आणि बँकेच्या दारात गेला तर तिथे पगाराची पावती नसते. समजा बँकेने दिलंच. 9 टक्के व्याजाने 20 वर्षांसाठी 15 लाखांचं कर्ज घेतलं तर महिन्याचा हप्ता सुमारे साडेतेरा हजार होतो आणि फेडून होईपर्यंत 32 लाखांच्या वर रक्कम जाते. किराया भरत भरत हा हप्ता कुठून आणायचा?

त्यात आपल्याकडे व्याजाचा प्रश्न आहे. बहुसंख्य उलेमा बँकेचं गृहकर्ज ‘रिबा’ मानतात. युरोपमधल्या फतवा परिषदेने 1999 मध्ये, दुसरा मार्गच नसेल तर राहत्या घरापुरती सवलत दिली होती. तीही सगळ्यांना मान्य झाली नाही. भारतात रघुराम राजन समितीने 2008 मध्ये बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली आणि 2017 मध्ये रिझर्व्ह बँकेने तो विषय पुढे न नेण्याचं ठरवलं. दुसरीकडे, काही बँका मुस्लिम वस्त्यांना ‘निगेटिव्ह झोन’ मानून कर्ज टाळतात, ही तक्रार सच्चर समितीच्या 2006 च्या अहवालात नोंदलेली आहे. म्हणजे काही जण कर्ज मागत नाहीत आणि जे मागतात त्यातल्या अनेकांना मिळत नाही. या सगळ्यावर आपण भरपूर बोलतो, आणि बोललंच पाहिजे.

ज्यावर आपण बोलत नाही ती गोष्ट आपल्याच घरात आहे. दारव्हा, दिग्रस, आर्णी, उमरखेड, कुठल्याही जुन्या मोहल्ल्यात जा. गावाच्या मधोमध जागा आहे, नळ आहे, मशीद जवळ आहे, पण आखीव पत्रिकेवर किंवा ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर नाव आहे आजोबांचं. आजोबांना जाऊन वीस-पंचवीस वर्षं झालेली. तीन चुलते तीन खोल्यांत राहतात, आत्या लग्न होऊन गेल्या, आणि ज्या नातवाचा निकाह झाला तो खोली अपुरी पडली म्हणून चार गल्ल्या पलीकडे किरायाने राहतो. त्याने घरकुलाचा अर्ज भरला तर जागा त्याच्या नावावर नाही. बाकी हिस्सेदारांचं संमतिपत्र आणा म्हटलं तर एक चुलता रुसलेला असतो आणि दुसरा हैदराबादेत. बँकेत गेला तर वकिलाच्या सर्च रिपोर्टमध्ये गाडी अडते. त्यात नमुना 8 हा कर-आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नाही, हे त्याला तिथेच पहिल्यांदा कळतं.

हे आपल्याकडे व्हायलाच नको होतं. इस्लामी कायद्यात एकत्र कुटुंबाची सामाईक मिळकत ही कल्पनाच नाही. माणूस गेला की कफन-दफनाचा खर्च, कर्ज आणि एक तृतीयांशाच्या मर्यादेतलं मृत्युपत्र भागवून उरलेला तरका त्याच क्षणी वारसांचा होतो. सूरह निसाच्या अकराव्या आणि बाराव्या आयतीत हिस्से आकड्यांनी सांगितले आहेत. नमाजच्या रकातींबद्दल वाद घालणारे आपण या आकड्यांपाशी मात्र गप्प होतो. ‘वाटणी केली की घर फुटतं’ असं म्हणतो. कारण खरं तर दुसरंच असतं: वाटणी केली की बहिणींना द्यावं लागतं.

हिशोब करून पाहू. 1,200 चौरस फुटांची जागा, आजोबा-आजी दोघंही वारलेले, मागे तीन मुलं आणि दोन मुली. मुलाला दोन वाटे, मुलीला एक, असे आठ वाटे. प्रत्येक मुलाला 300 चौरस फूट, प्रत्येक मुलीला 150. म्हणजे एका भावाच्या हिश्श्यात 269 चौरस फुटांचं घरकुल बसू शकतं, अगदी काठावर. दोघा बहिणींचा मिळून आणखी 300. हेच दोन वाटे सहसा हक्कसोडपत्रावर सही घेऊन संपवले जातात. भावा-बहिणींमधल्या हक्कसोडपत्राला मुद्रांक शुल्क काहीशे रुपये लागतं, पण ‘माहेर तुटेल’ ही भीती त्याहून स्वस्तात काम करते. ज्या बहिणीची सही आपण घेतली, तिचा मुलगाही कुठेतरी किरायाने राहत असेल, हे कुणी विचारात घेत नाही.

माझं म्हणणं असं आहे की बहिणीचा वाटा द्यायचा धार्मिक हुकूम आणि पोरांच्या पहिल्या घराची अडचण हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. बहिणीच्या 150 फुटांची बाजारभावाने किंमत ठरवा, ती कागदावर लिहा आणि तीन-चार वर्षांत हप्त्याने द्या. उधारीने केलेली खरेदी शरीयतला मान्य आहे, ठरलेल्या किमतीवर एक पैसा चढत नाही. जे बिनव्याजी गृहकर्ज आपण रिझर्व्ह बँकेकडे मागत होतो, ते छोट्या प्रमाणात इथे उभं राहतं. भावाची जागा सलग होते, बहिणीच्या हातात रोख रक्कम येते आणि तिच्या घराची पहिली वीट त्यातून लागू शकते. भावांनीही आपसात हेच करावं. सगळ्यांनी आडव्या भिंती घालून 300-300 फुटांचे डबे करण्यापेक्षा एकाने खालचा मजला, एकाने वरचा घ्यावा आणि तिसऱ्याने पैसे.

यात तरुणाला स्वतःहून फारसं काही करता येत नाही, कारण वडील हयात असेपर्यंत नातवाला हिस्सा नाही. पाऊल पन्नाशी-साठीतल्या बापांनी उचलायचं आहे: आधी आपल्या वडिलांचा तरका वाटायचा, मग स्वतःच्या हिश्श्यातून द्यायचं असेल तर मुलांना हिबा करायचा. हिबा तोंडी चालतो, पण बँकेसाठी तो नोंदणीकृत करावा. एकाच मुलाला भेट देऊ पाहणाऱ्या बापाला पैगंबरांनी, इतर मुलांनाही तसंच दिलंस का, असं विचारून साक्षीदार व्हायला नकार दिला होता. ही हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्ही संग्रहांत आहे.

सरकारकडे मागण्यासारखंही पुष्कळ आहे. 2025 मध्ये राज्याने ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढली आणि शेतजमिनीवरची मयतांची नावं काढून वारसांची लावायला घेतली. 2020 पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी चालू आहे. आता तीच वारसनोंदीची मोहीम गावठाणातल्या मिळकत पत्रिका आणि शहरांतल्या आखीव पत्रिकांसाठी काढावी, नझूलच्या पट्ट्यांसकट. ज्यांच्या वाडवडिलांनीही जागा ठेवलेली नाही, त्यांच्यासाठी 1 लाखाची मदत वाढवावी किंवा गावठाण वाढवून जागाच द्यावी. त्यांना वाटणीचा सल्ला काही उपयोगाचा नाही.

पण ज्यांच्याकडे आजोबांची जागा आहे, त्यांनी मोहिमेची वाट पाहू नये. आपल्याकडे चाळीसाव्याला सगळी भावंडं, लेकी-जावई एकत्र येतात. त्या दिवशी देग चढते, फातिहा होते, आणि दुसऱ्या दिवशी सगळे पांगतात ते पुढच्या मयतीलाच भेटतात. त्याच दिवशी वारसांची यादी करावी, मुलींची नावं त्यात आधी लिहावीत आणि भूमी अभिलेख कार्यालयातल्या अर्जावर सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात. ज्यांचे चाळीसावे कधीच होऊन गेले, त्यांनी येत्या ईदला भावंडांना जेवायला बोलवावं आणि हा विषय काढावा.