एडिटरने कोणाशी, कसे बोलावे

एडिटर, म्हणजे सजावटीविना साधा मजकूर लिहिण्याचा आणि बदलण्याचा प्रोग्राम, निवडताना त्याच्या अंगच्या सोयींची यादी तपासण्याची रीत सार्वत्रिक आहे. परंतु शब्द सुचवणे, चुका दाखवणे, नावे बदलणे यांसारखी कामे आज बहुधा एडिटर स्वतः करत नाही, तर पडद्याआडचे दुसरे प्रोग्राम करतात. त्यामुळे तो या इतरांशी कोणत्या कराराने बोलतो आणि त्या करारावर कोणाची सत्ता आहे, हीच त्याची खरी पारख ठरते.

या संवादाचा पहिला नमुना युनिक्स प्रणालीने घालून दिला. एका प्रोग्रामचे आउटपुट थेट दुसऱ्याच्या इनपुटात सोडणारी ‘पाइप’ ही व्यवस्था डग मॅकइलरॉय यांच्या आग्रहावरून केन थॉम्पसन यांनी 1973 मध्ये युनिक्समध्ये आणली. बिल जॉय यांच्या ‘व्हीआय’ या एडिटरने तिचाच आशय उचलला: ओळी निवडून उद्गारचिन्ह टंकले आणि पुढे ‘सॉर्ट’ लिहिले, की त्या ओळी क्रम लावणाऱ्या प्रोग्रामकडे जातात आणि परत आलेला मजकूर त्यांच्या जागी बसतो. ही पद्धत आजही उपयोगी आहे. मात्र तिच्यात बाहेरचा प्रोग्राम एकदाच चालतो, काम संपवून निघून जातो आणि मागचे काही लक्षात ठेवत नाही. टंकन चालू असतानाच चुका दाखवायच्या, तर सतत जागा राहणारा जोडीदार लागतो.

असे जोडीदार पूर्वीही होते, परंतु प्रत्येक एडिटरची प्रत्येक प्रोग्रामिंग भाषेशी वेगळी जोडणी करावी लागे. दहा एडिटर आणि वीस भाषा असतील, तर दोनशे जोडण्या. जून 2016 मध्ये मायक्रोसॉफ्ट, रेड हॅट आणि कोडेन्व्ही यांनी जाहीर केलेल्या ‘लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल’ने, म्हणजे संदेशांच्या ठरीव नियमावलीने, हा हिशेब तीसवर आणला. भाषा जाणणारा सर्व्हर एकदाच लिहावा आणि नियमावली पाळणाऱ्या कोणत्याही एडिटरने त्याच्याशी बोलावे, अशी ही योजना आहे. सुरुवातीला दोघे आपापल्या क्षमता एकमेकांना कळवतात. फाइल उघडल्याचा संदेश गेल्यावर डिस्कवरची प्रत नव्हे, तर एडिटरच्या स्मृतीतला मजकूर प्रमाण मानला जातो आणि प्रत्येक बदल सर्व्हरला कळवला जातो.

या करारातील एक बारकावा देवनागरी लिहिणाऱ्यांनी विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. संदेशाची लांबी बाइटमध्ये मोजली जाते, ओळीतील स्थान मात्र मूळ नियमानुसार यूटीएफ-16 या संकेतपद्धतीच्या एककांत. ‘पुणे’ या शब्दात प, उकार, ण आणि मात्रा अशी चार एकके असली, तरी यूटीएफ-8 मध्ये तोच शब्द बारा बाइट घेतो. बाइट मोजणाऱ्या प्रोग्रामने रूपांतर न करताच आकडा पाठवला, तर त्याच ओळीत या शब्दानंतर येणाऱ्या चुकीची खूण आठ स्थाने पुढे सरकते. केवळ रोमन अक्षरांवर चाचणी घेणाऱ्याला हा दोष दिसतच नाही, कारण तेथे दोन्ही मोजण्या जुळतात. 2022 मधील 3.17 या आवृत्तीने मोजणीची पद्धत आपसांत ठरवण्याची मुभा दिली, ही सुधारणा उशिराची असली तरी योग्यच आहे.

तथापि, करार खुला असला म्हणून करारातील पक्ष खुले असतातच असे नाही. मायक्रोसॉफ्टचा पायथॉन भाषेसाठीचा ‘पायलान्स’ हा सर्व्हर याच प्रोटोकॉलने बोलतो, परंतु त्याचा परवाना तो मायक्रोसॉफ्टच्याच उत्पादनांपुरता मर्यादित ठेवतो. त्याच्या गाभ्याशी असलेला ‘पायराइट’ मात्र मुक्त परवान्याखाली सर्वांना मिळतो. म्हणजे दार सर्वांसाठी उघडे ठेवून आतील एखादी खोली कुलूपबंद करता येते. शिवाय सर्व्हर हा वापरकर्त्याच्याच अधिकाराने चालणारा स्वतंत्र प्रोग्राम असल्याने तो कोठून आला, हेही पाहावे लागते. शाळा, महाविद्यालये आणि कचेऱ्या एडिटर निवडताना त्याची किंमत पाहतात. त्यामागच्या सर्व्हरचा परवाना वाचणेही त्यांनी तितकेच आवश्यक मानले पाहिजे.

या प्रोटोकॉलचा उपयोग प्रोग्रामिंग भाषांपुरताच नाही. इंग्रजीसारख्या भाषांतील लेखन तपासणारे सर्व्हरही त्याच मार्गाने चालतात. म्हणून मराठी शुद्धलेखन तपासणारे साधन घडवणाऱ्यांनी ते एखाद्या लोकप्रिय एडिटरचे जोडसाधन म्हणून न लिहिता मुक्त परवान्याचा स्वतंत्र सर्व्हर म्हणून लिहावे, हे अधिक शहाणपणाचे. कारण एडिटर मागे पडतात आणि बदलतात, पण ऱ्हस्वदीर्घाचे नियम आणि शब्दसंग्रह यांवर खर्ची पडलेले श्रम त्यांच्याबरोबर वाया जाण्याचे कारण नाही.