सदोष इंजिन आणि सात वर्षांची अट

मोटार ही श्रीमंतांची चैन. तिच्या इंजिनातील दोषाशी आपल्या चळवळीला काय कर्तव्य, असे म्हणणारे कार्यकर्ते आपल्यातही आहेत. गाडीचा मालक कोणीही असो, पेट घेणाऱ्या इंजिनामागे चाक धरून बसलेला पुष्कळदा पगारी चालक असतो, याचा त्यांना विसर पडतो.

2018 साली दक्षिण कोरियात बीएमडब्ल्यू कंपनीच्या अनेक गाड्यांनी पेट घेतला. त्यांतील बहुतेक डिझेलच्या होत्या. धुरातील विषारी वायू कमी व्हावेत म्हणून जळका वायू पुन्हा इंजिनात फिरविणारी जी यंत्रणा असते, तिचा शीतक तडकून त्यातील द्रव गळे, काजळीत मिसळून साचे आणि तप्त वायूने धुमसू लागे. यावर कंपनीने काय सांगावे? गाडी पुष्कळ धावलेली असेल, दीर्घकाळ सलग चालविली असेल, तरच असे घडते! जणू गाडी विकत घ्यावी ती चालविण्यासाठी नव्हेच. 1 लाखाहून अधिक गाड्या परत मागविण्यात आल्या; परंतु तपासणीत निर्दोष ठरलेली एक गाडीही पेटली. अखेरीस ऑगस्टमध्ये शासनाने तपासणी न झालेल्या सुमारे 20 हजार गाड्या रस्त्यावर आणण्यास मनाई केली. त्याच डिसेंबरात कोरियाच्या परिवहन मंत्रालयाने जाहीर केले की, शीतकाचा दोष कंपनीला 2015 पासून ठाऊक होता व तिने तो दडविला. मूळ कारण समजताच आपण पावले उचलली, हा कंपनीचा बचाव मंत्रालयाने मानला नाही आणि 11.2 अब्ज वॉनचा दंड ठोठावला.

आपल्याकडे 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 110-अ आले. सदोष वाहने परत मागविण्याचा आदेश केंद्र सरकार देऊ शकते. तोवर सारा कारभार उत्पादकांच्या स्वेच्छेवर सोपविलेला होता. हे स्वागतार्हच. परंतु 1 एप्रिल 2021 पासून लागू झालेल्या नियमांनी ही सक्ती सात वर्षांच्या आतील वाहनांपुरतीच ठेवली आहे. सात वर्षांनंतर गाडी कोणाच्या हाती येते? कर्ज काढून जुनी डिझेल गाडी घेणाऱ्या आणि तिच्यावर प्रवासी वाहतूक करून संसार चालविणाऱ्या माणसाच्या. पहिल्या मालकाला संरक्षण आणि दुसऱ्याला राख, असा हा न्याय आहे. (कंपनीचे पत्रही बहुधा पहिल्याच मालकाच्या पत्त्यावर जाते.)

म्हणून जुनी गाडी घेणाऱ्याने अधिकृत सेवाकेंद्रात चासी क्रमांक दाखवून तिच्यावर एखादी दुरुस्ती थकली आहे काय, हे प्रथम विचारावे. बाहेर गळती दिसत नसता शीतक द्रव वारंवार कमी होत असेल, जळका वास येत असेल वा जोर अकस्मात घटत असेल, तर गाडी उभी करावी आणि तळघरातील वाहनतळात नेऊ नये. दोषाच्या दुरुस्तीचे पैसे देऊ नयेत. काय बदलले ते लेखी घ्यावे. मालकाने धोक्याच्या गाडीवर पाठविल्यास चालकाने ती तक्रार लेखी नोंदवावी आणि युनियनने त्याच्या पाठीशी उभे राहावे.

कायद्याने एक वाट तक्रारींच्या संख्येवर ठेवली आहे. विखुरलेल्या मालकांना ती संख्या गाठणे दुरापास्त. टॅक्सी व रिक्षा संघटनांना मात्र अशक्य नाही. आपल्या शाखांनी जिल्हावार तक्रारी गोळा करून त्या केंद्रीय परिवहन मंत्रालयाकडे एकत्र धाडाव्यात, आणि सोबत सात वर्षांची अट रद्द करण्याची मागणी जोडावी.