रांग कोणाच्या दारी?

गेल्या महिन्यात पुतण्याच्या पेढीवर संध्याकाळच्या गर्दीत ई-वे बिल निघेना. इंटरनेट सेकंदाला १०० मेगाबिटचे. राउटरमध्ये घातलेली मर्यादाही तितकीच. इतर सर्व यंत्रे बंद ठेवून वेग मोजला, तेव्हा अपलोड अवघे २० भरले आणि दोष उमगला. कॅमेऱ्यांचे चित्रण सतत बाहेर पाठवले जात होते. १०० ची मर्यादा कधी गाठलीच जात नसल्याने रांग राउटरमध्ये न लागता पुढे मोडेममध्ये लागे. तेथे आपला अग्रक्रम कोण पाळणार?

बँकेत आम्ही रोखपालाच्या खिडकीपुढील रांग लावू शकत असू, रस्त्यावरची नव्हे. म्हणून अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाहून थोडी कमी, १८ ठेवली. बिलाच्या संगणकाला पहिला मान, कॅमेऱ्यांना शेवटचा. तेव्हापासून बिल अडलेले नाही.

वाचकांसाठी दोन सूचना. मर्यादा भरताना एकक तपासावे. ८ मेगाबिट म्हणजे १ मेगाबाइट. तरीही फरक न पडल्यास राउटरमधील ‘हार्डवेअर ॲक्सिलरेशन’ बंद करून पाहावे. ते चालू असता माहिती नियमांना वळसा घालून जाऊ शकते.

अधिक वेग विकत घेण्यापूर्वी हाती असलेल्याचा हिशेब मांडावा, हे व्यापाऱ्यांना मी काय सांगावे!