युद्धाचा अधिकार नेमका कुणाचा?

अमेरिकेच्या राज्यघटनेने युद्ध पुकारण्याचा अधिकार काँग्रेसला दिला आणि सेनादलांचे सरसेनापतिपद अध्यक्षांकडे सोपवले. व्यवहारात मात्र पारडे अध्यक्षांकडे झुकले आहे. काँग्रेसने शेवटचे रीतसर युद्ध पुकारले ते १९४२ मध्ये. कोरियात १९५० साली ट्रुमन यांनी काँग्रेसच्या मंजुरीविनाच सैन्य उतरवले. व्हिएतनामसाठी १९६४ च्या टोंकिन ठरावाने जॉन्सन यांना जवळपास मोकळे रान मिळाले. सिनेटमध्ये विरोधाची मते पडली अवघी दोन.

त्या अनुभवाने पोळलेल्या काँग्रेसने १९७३ मध्ये निक्सन यांचा नकाराधिकार दोनतृतीयांश बहुमताने झुगारून 'युद्धाधिकार ठराव' संमत केला. सैन्य कारवाईत उतरवल्यास ४८ तासांत काँग्रेसला कळवायचे आणि मंजुरी न मिळाल्यास ६० दिवसांत कारवाई थांबवायची, हे त्याचे सार. सुरक्षित माघारीसाठी आणखी ३० दिवसांची सवलत. शिवाय दोन्ही सभागृहांनी साध्या बहुमताने आदेश दिल्यास सैन्य परत बोलावणे अध्यक्षांना बंधनकारक होते.

या शेवटच्या तरतुदीतच कायद्याचा खरा दम होता. परंतु १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थलांतरितासंबंधीच्या एका खटल्यात असा 'सभागृहीय नकाराधिकार' घटनाबाह्य ठरवला. तेव्हापासून माघारीचा ठरावही स्वाक्षरीसाठी अध्यक्षांपुढे जातो. साहजिकच, युद्ध थांबवायला काँग्रेसला दोनतृतीयांश मते लागतात. ते चालू ठेवायला अध्यक्षांना एका सभागृहातील एकतृतीयांशाहून थोडा अधिक पाठिंबा पुरतो. घटनाकारांनी मांडलेला तोल येथे उलटा झाला आहे. येमेनबाबत २०१९ मध्ये आणि इराणबाबत २०२० मध्ये दोन्ही सभागृहांनी ठराव संमत केले. ट्रम्प यांनी ते फेटाळले आणि सिनेटला पुरेसे संख्याबळ जमवता आले नाही.

६० दिवसांच्या मुदतीलाही पळवाटा निघाल्या. क्लिंटन यांच्या काळात १९९९ मध्ये युगोस्लाव्हियावरील बॉम्बफेक ७८ दिवस चालली. लिबियातील कारवाई कायद्याला अभिप्रेत असलेला 'सशस्त्र संघर्ष' नाहीच, असा युक्तिवाद २०११ मध्ये ओबामा प्रशासनाने केला. म्हणजे प्रश्न एका पक्षाचा वा व्यक्तीचा नाही.

तरीही तिजोरीच्या किल्ल्या काँग्रेसकडेच आहेत. १९७३ मध्ये निधी रोखूनच तिने कंबोडियावरील बॉम्बहल्ले १५ ऑगस्टला थांबवायला लावले. पण सैनिक रणांगणावर असताना रसद तोडल्याचा ठपका घ्यायला सदस्य कचरतात. अधिकार असूनही तो वापरण्याची जोखीम लोकप्रतिनिधी टाळत राहिले, तर कायद्यातील मुदती कागदावरच राहतील.