नाद कानाने पारखावा

गेल्या वर्षी आमच्या वसाहतीतील ज्येष्ठांच्या मंडळाला एका ताईंनी आपल्या दिवंगत यजमानांच्या स्मरणार्थ देणगी दिली. त्या रकमेतून दर रविवारी ‘साउंड बाथ’, म्हणजेच नादस्नान ध्यान सुरू करावे, अशी त्यांची इच्छा होती. डोळे मिटून स्वस्थ पडावे आणि वाडगे, घंटा, तंबोरा यांच्या दीर्घ नादात मन निवू द्यावे, असा हा प्रकार. खजिनदार या नात्याने खरेदीची जबाबदारी माझ्याकडे आली. तारण प्रत्यक्ष पाहिल्याखेरीज कर्ज मंजूर करायचे नाही, ही बँकेतील जुनी सवय येथे उपयोगी पडली.

पहिले दरपत्रक सात स्फटिक वाडग्यांच्या संचाचे होते. प्रत्येक वाडगा एकेका चक्राशी जोडलेला, आणि निद्रानाशापासून सांधेदुखीपर्यंत सर्व काही बरे होईल असे आश्वासन. देणगीची जवळजवळ संपूर्ण रक्कम त्यात गेली असती. ताईंना मात्र तोच संच हवा होता. “भाऊ, त्यांच्या नावाची वस्तू चारचौघांत उठून दिसली पाहिजे,” असे त्या म्हणाल्या. त्यांच्या भावनेला धक्का न लावता वस्तुस्थिती सांगणे, हे खरे अवघड काम होते.

ज्यास स्फटिक म्हणतात तो वाडगा म्हणजे अतिशुद्ध क्वार्ट्झची वाळू वितळवून केलेली एक प्रकारची काचच असते. सिलिकॉन घडविण्याच्या उद्योगात अशाच मुशी वापरल्या जातात. त्याचा नाद स्वच्छ, मोठा आणि दीर्घकाळ टिकणारा असतो, यात शंका नाही. परंतु तो ठिसूळ असतो. त्याखाली रबरी कडे लागते, नेण्याआणण्यास जाड गादीची पिशवी लागते, आणि बारीक तडा गेला तर तो निकामी होतो. दर रविवारी कपाटातून काढून पुन्हा ठेवायची वस्तू म्हणून तो आम्हांस परवडणारा नव्हता.

धातूचा वाडगा आपल्या घराला परका नाही. तळपायाला तूप चोळण्याची काशाची वाटी अनेकांकडे असते. हे वाडगेही बहुधा त्याच जातीच्या धातूचे असतात. नादासाठीच्या काशात साधारण ७८ भाग तांबे आणि २२ भाग कथील असते. बाजारात ‘सप्तधातूचा वाडगा’ म्हणून अधिक किंमत सांगतात. प्रत्यक्ष तपासणीत मात्र तांबे आणि कथील हेच मुख्य घटक आढळतात. म्हणून दाम नादाचे द्यावे, कथेचे नव्हे.

पारख अशी करावी. वाडगा सपाट तळहातावर ठेवावा, बोटांनी आवळू नये. मऊ गादीच्या टोल्याने कडेवर हलका आघात करावा आणि नाद विरेपर्यंत सेकंद मोजावेत. हातोडीने घडविलेल्या वाडग्याचा आकार यंत्रासारखा नेमका गोल नसतो. त्यामुळे अगदी जवळजवळचे दोन स्वर एकत्र येऊन नाद लाटेसारखा वरखाली होतो. तो दोष नव्हे, गुण आहे. कुरकुर ऐकू आली किंवा नाद चटकन बसला, तर तडा असण्याचा संभव असतो. नंतर लाकडी दांडा कडेवरून सावकाश, एकसारख्या दाबाने फिरवून पाहावा. दुकानातील गोंगाटात निर्णय घेऊ नये.

आपल्या घरांसाठी आणखी एक प्रश्न विचारणे अगत्याचे आहे. हातडफाचा पडदा बहुधा बकऱ्याच्या कातड्याचा असतो. पॉलिएस्टरच्या पडद्याचे डफही मिळतात. टोल्याच्या टोकास चामडे आहे की कापड, हे पाहावे. तंबोऱ्याची घोडी हाडाची किंवा शिंगाचीही असू शकते; लाकडाची मागून घ्यावी. विक्रेता आपण होऊन हे सांगत नाही. विचारले तर सांगतो.

उपयोगाविषयीही प्रामाणिक असावे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील संशोधकांनी ६२ जणांवर केलेल्या अभ्यासात वाडग्यांच्या सत्रानंतर ताण आणि चिंता कमी झाल्याचे आढळले. परंतु तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. म्हणून यास विश्रांतीचे साधन म्हणावे, औषधाचा पर्याय म्हणू नये. अपस्मार, पेसमेकर किंवा गर्भारपण असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. श्रवणयंत्र लावणाऱ्यांनी आवाज कमी करून दूर बसावे. मोठी झांजथाळी, म्हणजे गाँग, बंद खोलीत कानाजवळ मुळीच वाजवू नये.

हिशेब अखेर असा झाला: काशाचे दोन वाडगे, एक जड आणि खर्जाचा, दुसरा लहान आणि उंच स्वराचा, मिरजेचा एक तंबोरा, लाकडी घोडीचा, सतरंज्या, गुडघ्यांखाली घ्यावयाच्या उशा आणि जमिनीवर बसू न शकणाऱ्यांसाठी सहा खुर्च्या. २०२४ साली मिरजेच्या तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले आहे. उरलेली रक्कम तारा आणि दुरुस्तीसाठी मुदतठेवीत ठेवली.

ताईंना हा हिशेब दाखविला तेव्हा त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. पुढच्या रविवारी त्या घरून काशाची वाटी घेऊन आल्या. यजमानांच्या अखेरच्या आजारपणात त्या तिने त्यांचे तळपाय चोळीत असत. त्यांनी वाटी तळहातावर ठेवून लहान टोल्याने वाजविली. नाद बारीक होता, लवकर विरला. त्यानंतरची शांतता मात्र कोणीही मोडली नाही.

आता आमचे प्रत्येक सत्र त्या वाटीच्या टोल्याने सुरू होते. आपणही खरेदीस निघण्यापूर्वी घरातील काशाची वाटी एकदा वाजवून पाहावी. काय हवे आणि काय नको, याची अर्धी उकल तेथेच होईल.